मालकांचा अंगठा

आमच्या घरमालकांना वाकून नमस्कार करायचा नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेंपो दारात उभा होता, समोर वयानं मोठा माणूस दिसला, मी घरच्या वळणाप्रमाणे वाकलो आणि माझी मान त्यांच्या हातात सापडली. डावीकडं एक कट्, उजवीकडं एक कट्. मी वर आलो तेव्हा अख्खी मंगळवार पेठ मला जराशी तिरकी दिसत होती.

"आता कसं वाटतंय?" मालकांनी विचारलं.

"बरं वाटतंय," मी म्हणालो. दुसरं काही म्हणालो असतो तर परत धरलं असतं.

मालक म्हणजे सहा फूट उंचीचा, पिळून वाळत टाकल्यासारख्या कानांचा माणूस. तरुणपणी तालमीत घाम गाळला, पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, पण हातातली रग काही गेली नाही. ती रग मग त्यांनी गल्लीच्या हाडांवर काढली. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, कुणाचा घोटा. बरं, दुखणं असायलाच हवं असं नव्हतं. गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून पळायचा. एकदा गल्लीतून वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर पोक काढून बसलेला मालकांना बघवेना. बँड थांबवला, नवरदेव खाली घेतला, दोन कट्, परत घोड्यावर. पोरगा असा काही ताठ झाला की लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो आकाशाकडं बघतोय.

मुलानं स्मार्टफोन घेऊन दिल्यावर तर बोलायची सोय उरली नाही. त्यात त्यांना परदेशातले कायरोप्रॅक्टर सापडले. मंडळी टेबलावर झोपतायत, डॉक्टर मान पिळतोय, कडाकडा आवाज येतायत आणि खाली लाखो लोक वाहवा करतायत. मालक दिवसभर फोन घेऊन फिरले. "बघा, बघा! हेच आमी तालमीत करतोय. तिकडं त्येला डॉक्टर म्हणत्यात, आन् आमाला हाडं मोडणारा!" आठवड्याभरात फाटकावर पाटी लागली: 'येथे कायरो करून मिळेल.'

आता त्यांच्या अंगठ्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. त्यांचा उजवा अंगठा एका कुस्तीत मोडून वाकडा जुळला होता. मुठीत धरून दाबला की वाळकी काटकी मोडल्यासारखा वाजायचा. या आवाजाचं घरात एकच काम होतं. मालक अंगणातल्या बाकावर बसून अंगठा वाजवायचे, आणि आतून मालकीणबाई ओरडायच्या, "आणते वो!" मग चहा यायचा. दिवसभरात नवराबायकोंत एवढाच संवाद. वर्षानुवर्षं मी तो वरच्या मजल्यावरून ऐकत आलो होतो.

आईवडील गेल्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं माहेर म्हणजे आमचं हेच भाड्याचं घर. पहिल्या बाळंतपणाला ती इथंच आली. पोरगी अंगानं चांगली भरलेली होती. जन्मताना तिचा खांदा अडकला. डॉक्टरांनी तिला सुखरूप बाहेर काढलं, पण त्या ओढाताणीत मानेपासून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात सारखा मुठी वळायचा. डावा नुसता पडून असायचा, आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागं, जसं कुणी नजर चुकवून पाठीमागनं काहीतरी घेतंय. उचलावा आणि सोडावा, तर ओल्या टॉवेलासारखा खाली यायचा. बहीण तो उचलायची, आणि खाली येताना डोळे मिटून घ्यायची.

डॉक्टर म्हणाले, वाट बघा, व्यायामवाल्या बाई दाखवतील तसं हळूहळू हलवत राहा. पुष्कळ मुलांचा हात आपसूक येतो, काहींचा येत नाही.

गडहिंग्लजकडून बहिणीच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्यांनी काखेतली पिशवी खाली ठेवायच्या आत पोरगीचा हात उचलून सोडून बघितला.

"हाड निखळलंय," आक्का म्हणाल्या.

"हाड नाही आक्का, नस आहे," बहीण म्हणाली.

"तुला काय कळतंय? आमच्या गावाच्या पल्याड एक म्हातारा हाय. बगलंत पाय देतोय, हात वडतोय. एकच झटका. म्हशीचा खुबा बसवलाय त्यानं, ही तर एवढीशी पोर हाय."

मेहुण्यांनी छताकडं बघितलं. आईपुढं बोलायची वेळ आली की ते नेहमी छताकडं बघतात. बहिणीनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खिडकीतून खाली बघितलं, तर अंगणात मालक बोटं मोडत उभे होते. त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"पोरगी आणा की खाली," ते ओरडले. "कायरो करून टाकू!"

म्हणजे आता धोके दोन झाले. एक गडहिंग्लजचा आणि एक तळमजल्यावरचा. माझी बायको दाराला आतून कडी लावायला लागली. मी ठरवलं, निदान खालचा धोका तरी मिटवू. दुसऱ्या दिवशी मालकांना स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट व्यायामवाल्या बाईंसमोर नेऊन उभं केलं. त्या फिजिओथेरपिस्ट. तिशीच्या आतबाहेर, किरकोळ अंगाच्या, समोरच्या पोराचा पाय हातात धरूनच बोलणाऱ्या.

मालकांनी आधी त्यांच्या मानेकडं बघितलं. "बाई, दिवसभर वाकून तुमची मान..."

"काका, माझ्या मानेला हात लावलात तर मी ओरडेन."

आयुष्यात मालकांना असं कुणी म्हणालं नव्हतं. ते खुर्चीत बसले. बाईंनी टेबलावरची फोनच्या चार्जरची वायर उचलली. "हे वरचं रबर. आतली तार ओढून ओढून ताणली, की वरनं काही दिसत नाही, पण फोन चार्ज होत नाही. बाळाचं तसंच झालंय. तार तिची ती भरून येते, आली तर. तोपर्यंत मी फक्त सांधे आखडू देत नाही. तीन महिन्यांच्या आसपास कोपर वाकायला लागलं तर आशा चांगली. नाही वाकलं तर मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशनचा विचार करायचा."

"आन् एक झटका दिला तर?"

"ओढल्यामुळंच झालंय काका. आणखी ओढून काय होईल, तुम्हीच सांगा. शिवाय ती मान आहे. एवढ्या लहान जिवाच्या मानेला झटका म्हणजे खेळ नाही."

परत येताना सिग्नलला शेजारी एक माणूस गळ्यात पट्टा घालून उभा होता. गळ्यात पट्टा! मालकांसाठी हे म्हणजे उपाशी माणसापुढं ताट. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. मला घाबरायला तेवढं पुरे होतं. अपमान झालेला पैलवान गप्प बसतो, तो पुढच्या डावाचा विचार करत असतो.

बारशाला घर बायकांनी भरलं. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या. मग 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू झालं. पाळण्यावरनं बाळ द्यायचं, खालनं घ्यायचं. एरवी किती गोड प्रकार. त्या दिवशी माझ्या बायकोचा जीव मुठीत. बगलेत हात घालून उचलायचं नाही, खालून दोन्ही हातांवर घ्यायचं, हे तिनं सगळ्यांना बजावलं होतं, तरी एका मावशीनं सवयीनं दंडालाच हात घातला. बायको एवढ्या मोठ्यानं खोकली की मावशी दचकून मागं सरकली. बहीण भिंतीला टेकून उभी होती. लेकीचं नाव कानात सांगितलं तेव्हाही तिचं लक्ष त्या लोंबणाऱ्या हाताकडं.

नाव ठेवून झालं आणि आक्कांनी जाहीर करून टाकलं, "उद्या सकाळच्या एस्टीनं पोरगी आन् सूनबाई माझ्यासंगं येणार. म्हाताऱ्याला निरोप धाडलाय."

कुणी काही बोलायच्या आत दारातनं आवाज आला. "मी हितं आस्ताना पोरगी भायेर कशाला?"

बारशाच्या खोलीत पुरुष शिरत नाहीत. मालक शिरले. डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा शर्ट. आक्कांनी त्यांना पायापासून कानापर्यंत बघून घेतलं. कानांवर नजर जरा थांबली.

"तुमी कोण?"

"ह्या घराचा मालक. आन् कायरो. तुमचा म्हातारा कुठल्या तालमीचा?"

"तालमीचं म्हाईत न्हाय. म्हशीचा खुबा बसवलाय."

"मी नवरदेव बसवलाय! एवढ्या वर्षांत हजारांच्या माना मोडल्यात..."

"मोडल्या?"

"बसवल्या," मालक म्हणाले. "पोरगी द्या."

बहिणीनं लेकीला छातीशी धरलं. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. मालकांनी मला एका हातानं बाजूला केलं, दारातला पडदा सारावा तसं. आक्कांनी सुनेच्या हातातनं पोरगी घेतली आणि मालकांच्या हातात दिली. त्या पंजात ती एवढीशी दिसत होती. त्यांनी तिला डाव्या हातावर घेतलं, उजवा हात दुपट्याखाली सरकवला, खांद्याच्या बाजूला. बहिणीच्या तोंडून "नको" एवढाच शब्द निघाला आणि तोही अर्धाच.

कट्!

बहीण मटकन खाली बसली. पोरगी दचकली, उजवा हात हवेत गेला, तिनं भोकाड पसरलं. आणि त्याच वेळी तळमजल्यावरून, स्वैपाकघरातून, खणखणीत आवाज आला:

"आणते वो!"

बायकांपैकी कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी कुणालातरी काहीतरी आणतंय, बारशाच्या घरात काय नवल. पण मला कळलं. मी मालकांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, अजिबात बघत नव्हते.

"बसलं," मालकांनी पोरगी बहिणीच्या मांडीवर ठेवत सांगितलं. "पर कच्चं बसलंय. आता पथ्य ऐका. ह्या हाताला धरून कुणी उचलायचं न्हाय. वडायचं न्हाय. आंघोळीला चोळायचं न्हाय. झबलं घालताना आधी हा हात, काढताना शेवटी हा हात. आन् दवाखान्यातली ती बाई दाखवंल तेवढंच हलवायचं, तिच्यापेक्षा एक बोट जास्त न्हाय. ह्यातलं एक जरी चुकलं तर बसलेलं हाड उठतंय. मग तुमच्या म्हाताऱ्याच्या बापालाबी बसायचं न्हाय."

हे सगळं बाईंनी शिकवलेलं. आम्ही आक्कांना चार दिवस सांगून दमलो होतो. आता त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

"तीन म्हैने," आक्का शेवटी म्हणाल्या. "त्यात न्हाय हाललं तर मी माझ्या म्हाताऱ्याकडं नेणार. मग मधी कुणी बोलायचं न्हाय."

तेवढ्यात मालकीणबाई एक कप चहा घेऊन वर आल्या आणि खोलीभर बायका बघून ओशाळल्या. "अगं बया! एवढ्या जणी हाईत, आन् ह्येनी एकच मागवला व्हय?" मालकांनी घाईनं कप घेतला. निम्मा चहा बशीत सांडला.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "मालक, तो आवाज..."

"गप," ते म्हणाले. दोन पायऱ्या उतरले, थांबले. "मी न्हाय म्हटलं आस्तं तर ती आक्का उद्या पोरगी घिऊन गेलीच आस्ती. लोकं हाड बसलेलं बघून मानत न्हाईत, पावणं. ऐकून मानत्यात. माझं निम्मं गिऱ्हाईक आवाजानंच बरं झालंय."

"आणि पोरगीचा हात?"

"मी कुठं लावला हात? धरली फकस्त. एवढ्या कुस्त्या केल्या, कुणाच्या हाताला भ्यालो न्हाय. ह्या हाताला भ्यालो."

मग वाट बघणं सुरू झालं. बहीण दर दुपटं बदलताना बाईंनी शिकवल्याप्रमाणे हात हलवायची, इतकी हळू की बघणाराच श्वास धरायचा. आक्कांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसं काय नाही, नुसतं "हाललं?" आणि बहीण म्हणायची, "अजून नाही."

मालक रोज सकाळी वर यायचे. पोरगीजवळ बसायचे आणि अंगठा वाजवायचे. कट्. लहान पोरं आवाजाला दचकतात, दोन्ही हात फेकतात. हिचा एकच हात उडायचा. मालक डाव्या हाताकडं बघत राहायचे. खालनं "आणते वो" यायचं, चहा यायचा, मालक तो प्यायचे आणि उतरून जायचे. त्या काळात त्यांनी खाली ज्यांच्या माना पिळल्या त्यांचं नशीब खरंच खडतर.

दिवस सरत आले. आक्कांचा फोन आला, "रविवारी येतोय. पोरगीची तयारी करून ठेवा." फोन ठेवल्यावर बहीण परत पोरगीचा हात हलवायला बसली.

शनिवारी सकाळी मालक आले. बसले. अंगठा वाजवला. कट्.

उजवा हात उडाला. आणि डावा... मला वाटलं, दुपटं हललं असेल. बहिणीला वाटलं, तिलाच भास झाला. मालक मात्र अर्धवट उठले होते.

"कोपर हाललं," ते म्हणाले.

"परत वाजवा," बहीण म्हणाली.

त्यांनी अंगठा दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला. नाही. "लगीच वाजत न्हाय त्यो," मालक घायकुतीला येऊन म्हणाले. "एकदा वाजला की दम खातोय."

"मग टाळी वाजवा!" मी म्हणालो.

"गप! टाळीला ती पोरगी हसती." खरंच हसायची. रोज दिवसभर आम्ही टाळ्याच तर वाजवायचो तिच्यापुढं.

मालकीणबाई चहा ठेवून गेल्या. कुणी प्यायला नाही. त्यावर साय धरली. आम्ही तिघं एका वाकड्या अंगठ्याकडं बघत बसलो होतो, आणि मालक तो फुंकर घालून, कुरवाळून, मनवत होते. पोरगी आढ्याकडं बघत निवांत पडली होती. शेवटी मालकांनी तिच्या डोक्यामागं जाऊन मूठ आवळली.

कट्!

दोन्ही हात उडाले. डावा उजव्याइतका नाही, पण उडाला, कोपरात वाकला, आणि खाली येताना ओल्या टॉवेलासारखा पडला नाही. तिथंच थोडा थरथरत राहिला, जसं काही स्वतःच आश्चर्यात पडलाय.

"आत्ताच दिला की वो!" खालून मालकीणबाई करवादल्या.

वर बहीण रडत होती, मी रडत होतो, आणि मालक भिंतीकडं तोंड करून फेटा सोडून परत बांधत होते.

सोमवारी बाईंनी तपासून सांगितलं, सुरुवात झालीय, व्यायाम सोडायचा नाही. पण त्याच्या आधी रविवारी आक्का येऊन गेल्या. त्यांनी नातीचा हात बघितला, जिना उतरून खाली गेल्या आणि अंगणात मालकांपुढं वाकल्या. सगळ्या जन्मात पहिल्यांदाच मालकांनी समोर वाकलेली मान धरली नाही. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मागं सरकले. "माझ्या न्हाय, त्या बाईच्या पाया पडा," ते म्हणाले. आक्कांना तो विनय वाटला.

मग जे व्हायचं तेच झालं. बातमी फुटली. गडमुडशिंगीतून, नृसिंहवाडीतून, कुठून कुठून लोक तान्ही पोरं घेऊन फाटकाशी यायला लागले. मालक घामाघूम. खरं काय ते सांगितलं, तर हीच माणसं दुसऱ्या कुणाकडं झटका घ्यायला जाणार. मग त्यांनी नवा नियम काढला. "आधी दवाखान्यातल्या बाईकडनं हात मऊ करून आणा. तीन म्हैने. त्याशिवाय कायरो बसत न्हाय." तीन महिन्यांनी बरीच पोरं हात हलवतच परत यायची. मालक नुसते आशीर्वाद द्यायचे. एकाचा नाही हलला. त्याच्या बापावर ते असे खेकसले की तो त्याच आठवड्यात मोठ्या शहरात ऑपरेशनची चौकशी करायला गेला. "ही कुस्ती आपल्या मैदानातली न्हाय," मालक त्याला म्हणाले, आणि स्टँडपर्यंत सोडायला गेले.

भाचीचा हात आता चांगला चालतो. वर केला की कानाला लागायच्या जरा अलीकडं थांबतो, एवढंच. ती सुट्टीला यायची तेव्हा तासन् तास खाली मालकांच्या बाकावर असायची.

मालक गेल्या वर्षी गेले. तेरावं झाल्यावर आक्का नातीला घेऊन भेटायला आल्या. आम्ही सगळे तळमजल्यावर बसलो होतो. मालकीणबाई आत स्वैपाकघरात काहीतरी उगाच आवरत होत्या. बाक रिकामा होता. भाची कंटाळली होती.

कट्!

"आणते वो!" आतून आवाज आला.

आणि मग आत एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि काहीच नाही. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून.

मी आक्कांकडं बघितलं नाही. न बघताच मला कळत होतं, त्यांची मान हळूहळू माझ्याकडं वळतीय. तो आवाज, आणि त्यापाठोपाठची ती हाक. बारशाच्या खोलीतली. माझे कान तापले. मी छताकडं बघितलं, मेहुण्यांसारखं.

"कुठल्या हातानं वाजवलंस गं?" आक्कांनी नातीला विचारलं.

"डाव्या," भाचीनं मूठ पुढं केली. "आजोबांनी शिकवलंय."

आक्कांनी ती मूठ आपल्या हातात घेतली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. अंगठ्यावरनं आपला अंगठा फिरवला.

"वाजव बघू परत."

"लगेच नाही वाजत, आक्का. थांबायला लागतं."

"थांबू की," आक्का म्हणाल्या, आणि पदर सारखा करून नीट मांडी घालून बसल्या. मग दारातल्या मालकीणबाईंकडं वळल्या. "तवर चहा होऊ दे वो. त्येनी मागितलाय न्हवं."